नौपाड्याचा गाळा ते हिशेबाचं टेबल : आमची वाटचाल

2003 च्या दसऱ्याला नौपाड्यात दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही दुकान उघडलं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, धाकटा भाऊ नुकताच बी.कॉम. झालेला. कॉम्प्युटर दुरुस्ती आणि असेंबल्ड मशीन, एवढाच धंदा. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून आणायचे. ग्रँट रोडला गाडी पकडायची, दादरला उतरून पूल चढायचा, ठाण्याची लोकल धरायची आणि मॉनिटरचा खोका मांडीवर घेऊन बसायचं. ग्राहक दुकानात येऊन भावाशी बोलायचे. मशीन मी उघडते हे कळल्यावर काही जण परत गेले. जे थांबले, त्यांतले बरेच आजही आमच्याकडे आहेत.

26 जुलै 2005 ला गाळ्यात गुडघाभर पाणी आलं. ग्राहकांचे अकरा सीपीयू जमिनीवर ठेवलेले होते. पुढचे पंधरा दिवस आम्ही हार्ड डिस्क वाळवत, पुसत, एकेक फाइल काढत होतो. आठ डिस्क वाचल्या. एका किराणा व्यापाऱ्याने नवं मशीन घ्यायची तयारी दाखवली, पण त्याच्या टॅलीतली उधारीची यादी गेली म्हणून तो दुकानात बसून रडला. आपण लोकांचं नेमकं काय सांभाळतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर वार्षिक देखभालीची कामं मिळत गेली. वागळे इस्टेटमधली छोटी युनिटं, रबाळे-महाप्यातले कारखाने, वाशीच्या मार्केटमधल्या दोन पेढ्या. 2012 पर्यंत आम्ही सहा जण झालो होतो. त्या काळातली एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. बहुतेकांकडे विंडोज चोरीची होती, आणि अपडेट बंद करून ठेवायला आम्हीच सांगत होतो. नेट महाग होतं, अपडेट आलं की मशीन मंदावायचं, परवान्याची सूचना पडद्यावर यायची आणि ग्राहकाचा फोन यायचा. तो फोन टाळण्यासाठी आम्ही त्यांच्या घराची कडी काढून ठेवत होतो.

12 मे 2017, शुक्रवार. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसची बातमी आली. दीडशेहून जास्त देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटरांना कुलूप लागलं, आणि किल्लीसाठी 300 डॉलर बिटकॉइनमध्ये मागितले जात होते. तो ज्या फटीतून शिरत होता, ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. आमच्या ग्राहकांकडे तो नव्हता, कारण अपडेट आम्ही बंद केलेलं. जुन्या विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे कंपनीकडून अपडेट मिळणं, 8 एप्रिल 2014 लाच संपला होता, पण परिस्थिती बघून कंपनीने त्या वेळी एक्सपीसाठीही पॅच काढला. शनिवार-रविवार आम्ही चौघं पेन ड्राइव्ह घेऊन वागळे इस्टेट ते रबाळे फिरलो, वॉचमनना विनवून शटर उघडून घेतली. आमच्या एकाही ग्राहकाचं नुकसान झालं नाही. त्यानंतर चोरीच्या विंडोजवर काम करणं आम्ही बंद केलं. अकरा ग्राहक सोडून गेले.

पुढच्याच महिन्यात, 27 जूनला, नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या एका करभरणा सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं त्याने पुसून टाकलं. आमच्या शेजारच्या न्हावा शेवा बंदरात त्याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम अडलं. हजारो मैलांवरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे उरणच्या रस्त्यावर कंटेनर थांबू शकतो, हे मी तोवर कधी मनात आणलं नव्हतं. मर्स्कला 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. ते जमलं, कारण त्यांच्या जाळ्याच्या पायाभूत माहितीची एक प्रत घानामधल्या ऑफिसात शाबूत राहिली होती. हल्ला झाला तेव्हा तिथली लाइट गेली होती, त्यामुळे तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. ही गोष्ट मी पुढची तीन वर्षं प्रत्येक ग्राहकाला सांगत होते.

आणि तरीही 2020 मध्ये आमच्याच हातून चूक झाली.

लॉकडाऊन लागला. रबाळ्यातल्या एका कारखान्याच्या हिशेबनिसांना घरून काम करायचं होतं, आणि तेही त्याच दिवशी. आम्ही घाईत सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप (दुरून सर्व्हर चालवायची सोय) थेट इंटरनेटवर उघडा केला. पासवर्ड कारखान्याचं नाव आणि पुढे 123. नंतर बदलू म्हणालो आणि बदलला नाही. जूनमध्ये एका सकाळी सगळ्या फाइलींची नावं बदललेली दिसली आणि डेस्कटॉपवर खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची डिस्क होती, पण त्याच सर्व्हरला कायमची जोडलेली, म्हणून तीही कुलूपबंद. घानाची गोष्ट जगाला सांगणाऱ्या बाईने स्वतःच्या ग्राहकाची डिस्क काढून ठेवली नव्हती. मी कारखान्याच्या मालकांना फोन करून पहिलं वाक्य हेच बोलले, की ही चूक आमची आहे. खंडणी दिली नाही. जीएसटी पोर्टलवरची विवरणपत्रं आणि कागदी बिलं समोर ठेवून दोन वर्षांच्या नोंदी पुन्हा भरल्या. तीन महिने लागले. आमची दोन मुलं तेवढ्याच कामावर होती, त्यांचा पगार आम्ही दिला आणि त्या वर्षी देखभालीचे पैसे घेतले नाहीत. मालक आजही आमचे ग्राहक आहेत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तेव्हापासून आमच्याकडे तीन प्रतींचा नियम आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक जागेबाहेर. दर शुक्रवारी डिस्क काढून कपाटात जाते आणि महिन्यातून एकदा त्यातून फाइल परत काढून बघतो. परत काढून न बघितलेल्या बॅकअपवर मी आता विश्वास ठेवत नाही.

30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं. ग्राहकांच्या स्टाफला आम्ही जे प्रशिक्षण द्यायचो, त्यात एक पान होतं: चुकीच्या भाषेवरून खोटा मेसेज कसा ओळखावा. ‘आज रात्री 9.30 ला तुमची वीज कापली जाईल’ या छापाचे, मोडक्यातोडक्या मराठीतले मेसेज मी मोठ्याने वाचून दाखवायचे. वर्ष-दीड वर्षात ते पान निरुपयोगी झालं. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळलेली, ‘कळावे’ने संपणारी पत्रं येऊ लागली. परक्या देशात बसलेल्या माणसालाही आता आमच्या दिवाणजींसारखं लिहिता येत होतं. पाठोपाठ आवाजही आला. काही सेकंदांचं रेकॉर्डिंग मिळालं, तरी त्या माणसाच्या आवाजात हवं ते बोलवून घेणारी साधनं सहज मिळू लागली.

2024 च्या श्रावणात ते आमच्या दारात आलं. वागळे इस्टेटमधलं पॅकेजिंगचं युनिट, तिथे 19 वर्षं हिशेब बघणाऱ्या ताई. शेठ राजकोटला मशीन बघायला गेले होते आणि तसा फोटो त्यांनी फेसबुकवर टाकला होता. दुपारी ताईंना व्हॉट्सअॅपवर कॉल आला. डीपी शेठचा, आवाज शेठचा, बोलण्याआधी ‘हे बघा’ म्हणायची लकबही त्यांचीच. मशीनचा आगाऊ पैसा लगेच भरायचा आहे, नंबर पाठवतो. ताईंनी 4,80,000 रुपये पाठवले. वीस मिनिटांनी त्यांना चुकचुकलं, कारण शेठ कोणत्याही पार्टीचं नाव घेतल्याशिवाय पैशांचं बोलत नाहीत. त्यांनी फोन केला तो मला. शेठना करायची हिंमत झाली नाही.

मी म्हटलं, “ताई, आधी 1930 लावा, मग रडू.” ही सायबर फसवणुकीसाठीची सरकारी हेल्पलाइन. तिथे तक्रार नोंदली की ती बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात पोहोचले असतील तिथे गोठवता येतात. चोर भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून रक्कम पुढे पुढे सरकवत राहतात, म्हणून पहिल्या तासाला सोन्याचं मोल असतं. 3,10,000 अडवले गेले. बाकीचे गेले ते गेलेच.

शेठ परत आले आणि सगळ्यांसमोर ताईंवर ओरडले. मी तिथेच होते. ते शांत झाल्यावर मी ताईंना विचारलं, उलट फोन करून खात्री का नाही केली? ताई खाली बघत म्हणाल्या, “दिवाळीत एकदा केला होता मॅडम. साहेब म्हणाले, एवढंही स्वतःहून जमत नाही का?”

शेठ काही बोलले नाहीत. मलाही काही सुचलं नाही. चार लाख ऐंशी हजार त्या एका वाक्यामुळे गेले होते, आणि आम्ही बसवलेली फायरवॉल त्यावर काहीच करू शकत नव्हती. तोवर आम्ही प्रशिक्षण नेहमी ताईंसारख्यांना देत होतो. ते द्यायला हवं होतं शेठना.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. अरुप या ब्रिटिश इंजिनिअरिंग कंपनीतल्या कर्मचाऱ्याला आधी आलेल्या ईमेलचा संशय आला होता. पण व्हिडिओ कॉलवर वित्तप्रमुख आणि ओळखीचे सहकारी दिसले आणि त्याने 15 व्यवहारांत सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे ते सगळे चेहरे बनावट होते. त्याचा पहिला संशय बरोबर होता. एक उलट फोन केला असता तर हे पैसे वाचले असते, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

आता आमच्या कामाची सुरुवात एका कागदाने होते. मालकाच्या लेटरहेडवर, मालकाच्या सहीने. त्यात मालक लिहून देतात: खातं नवीन असेल किंवा रक्कम 50,000 च्या वर असेल, तर हिशेबनीस आधीपासून ठरलेल्या नंबरवर मला फोन करतील. मी उचलला नाही तर पैसे जाणार नाहीत. उशीर झाला म्हणून त्यांना कोणी बोलणार नाही. शेवटच्या वाक्यावर मालक अडतात. दोघांनी सही करायला नकार दिला, त्यांचं काम आम्ही सोडलं. त्या वाक्याशिवाय बाकीचा कागद पोकळ आहे, असं माझं ठाम मत आहे.

घरातही तेच. आईला रोज कोणाचे ना कोणाचे फोन येतात. आम्ही एक शब्द ठरवला आहे, लहानपणच्या चाळीतल्या एका वस्तूचा. पैशांचं कोणी बोललं, अगदी माझ्या आवाजात, तरी ती आधी तो शब्द विचारते. गेली दोन वर्षं रविवारी आम्ही घोडबंदर रोडच्या, कळव्याच्या सोसायट्यांमध्ये जाऊन ज्येष्ठांशी बोलतो. डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं, तरी व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेश दिसला की निवृत्त प्राचार्यांचेही हात कापतात. एक आजोबा दोन दिवस स्वतःच्या खोलीत बसून होते. सुनेला सांगितलं नाही, कारण फोनवरच्या माणसाने कोणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं. त्यांच्याशी बोलताना मला ताई आठवल्या. भीती आणि एकटेपणा, दोन्हीकडे तेच.

आम्ही स्वतः एआय वापरतो, आणि मनापासून वापरतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे मशीनवर कोण कधी काय करतं याच्या नोंदी, 180 दिवस ठेवायचे असतात आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते. आठ जणांच्या फर्मला एवढे लॉग डोळ्यांनी वाचणं अशक्य आहे. आता रात्रीचे लॉग एआय चाळतं आणि पहाटे 2.40 ला झालेलं लॉगिन सकाळी आमच्यासमोर ठेवतं. कधी कधी ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचंही सांगतं, म्हणून शेवटचा निर्णय आमचा कळव्याचा मुलगा घेतो. ग्राहकाचा कोणताही कागद, पॅन, पगारपत्रक बाहेरच्या चॅटमध्ये टाकायचं नाही, हा नियम मोडला तर मी ऐकून घेत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. ही सवय आम्हाला त्याआधीच लावून घ्यावी लागली होती.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. अजून 34 मशीन बदलायची आहेत, ते काम चालू आहे.

गेल्या महिन्यात वागळे इस्टेटमधून ताईंचा फोन आला. एका पुरवठादाराने नवीन खाते क्रमांक पाठवला होता, शेठ माळशेज घाटात होते आणि फोन लागत नव्हता. पुरवठादार सारखा तगादा लावत होता. “पाठवू का मॅडम?” मी म्हटलं, कागद काय सांगतो? ताई म्हणाल्या, “थांबायला सांगतो.” त्या थांबल्या. संध्याकाळी शेठना रेंज आली, त्यांनी पुरवठादाराशी बोलून खातं खरं असल्याची खात्री केली, आणि सव्वासहाला पैसे गेले. उशिराबद्दल ताईंना कोणी काही बोललं नाही.