किडीचा जीन गप्प करता येतो, पण आधी तिच्या पेशीत शिरायला हवं ना

"आता कीटकनाशकांची सुट्टी" टाईपचा व्हिडिओ परत फिरतोय, आरएनए (जीनसारखाच अक्षरांच्या साखळीचा रेणू) फवारायचा, किडीचा जीन बंद, आणि वर डायलॉग असा की किडीला रेझिस्टन्स आलाच तर नुसता सिक्वेन्स, म्हणजे आरएनएतल्या अक्षरांचा क्रम, बदलायचा की काम झालं! पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे, शेवटच्या वाक्याने मात्र डोकं फिरलं.

भानगड थोडक्यात सांगायची तर, पेशीत दुपदरी आरएनए आला की डायसर नावाचं एन्झाइम त्याचे साधारण 21 अक्षरांचे तुकडे पाडतं, मग आर्गोनॉट नावाचं प्रोटीन तो तुकडा धरून त्याच्याशी जुळणारा मेसेंजर आरएनए (जीनवरून प्रोटीन बनवायचा निरोप नेणारा) शोधतं आणि कापून टाकतं. डीएनएला हातही लागत नाही, जीन जागच्या जागी असतो, फक्त त्याचं प्रोटीन बनणं थांबतं. फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी 1998 मध्ये हे एका इवल्याशा सूत्रकृमीत दाखवलं, 2006 ला नोबेल.

फवारायचं पहिलं औषध म्हणजे लेडप्रोना, अमेरिकेत 2023 च्या शेवटी परवानगी मिळाली, कोलोरॅडो बटाटा भुंग्यासाठी. हा भुंगा म्हणजे महाबिलंदर, 50 च्या वर कीटकनाशकांना पुरून उरलाय. लेडप्रोना त्याचा प्रोटिआसोमचा एक जीन बंद करतं, प्रोटिआसोम म्हणजे पेशीतली खराब झालेली प्रोटीन्स मोडीत काढणारी यंत्रणा, ती अडली की पेशीत सगळा कचरा साचत जातो, अळी आधी खाणं सोडते आणि मग काही दिवसांनी मरते. म्हणजे फवारलं आणि तासाभरात पटापट पडल्या असलं काही होत नाही, ज्यांना तेच बघायची सवय आहे त्यांना हे औषध फुसकं वाटणार. फायदा असा की सिक्वेन्स नीट निवडला तर मधमाशी, लेडीबग यांना सहसा धक्का लागत नाही, कारण अक्षरं जुळायला हवीत.

आता गंमत बघा, भुंगेवर्गीय किडींना नुसतं खायला घातलं तरी चालतं, त्यांच्या आतड्याच्या पेशी आरएनए छान आत घेतात. बोंडअळी, लष्करी अळी या पतंगवर्गातल्या अळ्यांचं मात्र वेगळंच, पोट जबरदस्त अल्कलाइन, त्यात आरएनए तोडणारी एन्झाइम्स, आणि त्यातूनही वाचून पेशीत गेलाच तर तिथल्या पिशव्यांमध्येच अडकून पडतो. मावा तर लाळेतच त्याची वाट लावतो. म्हणजे ज्या अळ्यांनी जगभर शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणलेत त्यांच्यावरच हे सगळ्यात कमी चालतं, आणि व्हिडिओत फोटो कोणाचा तर बोंडअळीचा.

आणि तो रेझिस्टन्स. मक्याच्या मुळ्या खाणाऱ्या रूटवर्मवर 2018 मध्ये काम आलं होतं, त्यात मक्यातल्या आरएनएला (इथे फवारणी नाही, जीन बदललेला मकाच तो आरएनए बनवतो) दाद न देणारा रूटवर्म तयार झाला तो जीनमधली अक्षरं बदलून नाही, तर आतड्यातून आरएनए आत घेणंच जवळपास थांबवून. मग संशोधकांनी दुसऱ्या जीन्सवरचे आरएनए दिले, तेही फुकट गेले! किडीने दारच लावून घेतलं तर कुलपाचा नंबर बदलून काय उपयोग? 2021 ला बटाटा भुंग्यातही लॅबमध्ये नऊ वेळा निवड केल्यावर (आरएनए देऊन वाचलेल्यांचीच पैदास) 11,100 पटीहून जास्त रेझिस्टन्स निघाला.

बीटीचं विष (एका जिवाणूचं किडीला मारणारं प्रोटीन) मात्र त्या रूटवर्मवर चालत होतं, कारण ते वेगळ्या पद्धतीने मारतं. म्हणूनच मक्यात आरएनए एकटा येत नाही, बीटीच्या जोडीने येतो. आता यातली पाचर अशी की हाच रूटवर्म काही भागांत बीटीलाही आधीपासूनच जुमानत नाही, आणि तिथे सगळा भार शेवटी एकट्या आरएनएवर येतो.