तुम्ही विचारलंत म्हणून: कुलूप उघडलं नाही तर चूक कुणाची?

"आमचं डोकंच चालत नाही का हो?" एस्केप रूम, म्हणजे एका खोलीत शिरून कोडी सोडवत तासाभरात बाहेर पडायचा खेळ, खेळून आलेली माणसं हे हमखास विचारतात. तासाभरात सुटता आलं नाही, पैसे गेले, आणि बाहेर आल्यावर तिथल्या पोरानं दोन मिनिटांत सगळी उत्तरं सांगून टाकली. मग जरा चिडून दुसरा प्रश्न येतो: "लोकांना यात मजा तरी कसली येते?" दोन्हींचं उत्तर एकच आहे. ते तुकड्यातुकड्यानं देऊन मी दमले, म्हणून एकदाच नीट लिहिते.

तुमचं डोकं ठीक आहे. उत्तर ऐकल्यावर तोंडातून काय निघालं, एवढंच आठवा. "अरे, समोरच तर होतं!" असं निघालं असेल तर खोली चांगली होती, तुम्ही हरलात तरी. "हे आम्हाला कसं कळणार होतं?" असं निघालं असेल तर खोली वाईट होती, तुम्ही जिंकलात तरी.

आपल्याकडचं जुनं कोडं घ्या: इवलंसं पोर, घर राखण्यात थोर. उत्तर, कुलूप. उत्तर कळल्यावर मागं जाऊन एकेक शब्द तपासला तरी तो बसतो, आणि बाहेरून काही आणावं लागत नाही. खोलीतल्या कोड्यानंही या परीक्षेला उतरलं पाहिजे. समजा, खुंट्यांवर चार रंगांचे फेटे ओळीनं टांगलेत, पेटीत त्याच रंगांच्या बांगड्या आहेत आणि कुलूप चार आकडी आहे. बांगड्या मोजल्या की आकडे मिळतात, फेट्यांवरून त्यांचा क्रम मिळतो. झालं. आता फेटे काढून टाका. आकडे हातात आहेत, पण क्रम नाही, म्हणजे चोवीस मांडण्या फिरवून बघायच्या. याला मी कोडं म्हणत नाही, ही मजुरी आहे. आणि वातावरणनिर्मितीसाठी तिथं पिवळा मंद दिवा लावला असेल तर केशरी कुठला नि लाल कुठला हे चांगल्या नजरेच्या माणसालाही सांगता येत नाही. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांचं तर विचारूच नका.

इथले खोली बांधणारे देवगिरीचं उदाहरण फार देतात. किल्ल्यातली अंधारी, म्हणजे शत्रूला अडवायचा अंधारा बोगदा, तिची वळणं, काळोख, वरच्या तोंडाशी धूर कोंडायची सोय. "आमचीही खोली तशीच," असं कौतुकानं सांगतात. मला ते ऐकवत नाही. अंधारी बांधणाऱ्याला आत आलेला माणूस बाहेर पडायला नको होता. 2007 साली जपानमधल्या क्योतोमध्ये ताकाओ कातो यांनी संगणकावरचा हा खेळ प्रत्यक्ष खोलीत आणला, तो माणसं बाहेर पडावीत म्हणून. खोली बांधणाऱ्यानं शेवटी हरायचंच असतं, फक्त शेवटच्या पाच मिनिटांत.

आता खेळणाऱ्यांना बाहेरून मदत कधी द्यावी, याबद्दलचं माझं मत ज्या एका गोष्टीमुळं बदललं, ती सविस्तर सांगते. जुन्या वाड्याचा देखावा असलेली खोली, सहा जणांचं कुटुंब, साठ मिनिटं. भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, त्यात चार वाजून पंचवीस मिनिटं. बाजूला लाकडी पेटी, तिला चार चकत्यांचं आकडी कुलूप. घरातल्या धाकट्या मुलीनं अठराव्या मिनिटाला सांगितलं, शून्य-चार-दोन-पाच. मामानं आकडे फिरवले, ओढून पाहिलं, कुलूप उघडलं नाही. "नाही गं, चुकलं." ती गप्प बसली.

उत्तर बरोबर होतं.

अशी स्वस्त कुलपं का दगा देतात ते बघा. चारही आकडे खुणेच्या रेघेवर तंतोतंत यावे लागतात. एक चकती अर्धा आकडा जरी सरकली तरी दांडी सुटत नाही. काही कुलपांना दोन्ही अंगांना रेघ असते, त्यातली खरी कुठली ते लिहिलेलं नसतं. काहींची दांडी आधी आत दाबून मग ओढावी लागते. त्यात आपल्याकडची धूळ. चकती जड झाली की कुणीतरी खोबरेल सोडतं, तेलावर आणखी धूळ बसते आणि महिन्याभरात ती अर्ध्यावर अडकायला लागते. तिथं तेल चालत नाही, ग्राफाइटची कोरडी पूड लागते.

पुढं काय झालं? बरोबर उत्तर बाद झालं की माणसं ते पुन्हा तपासत नाहीत, नवी उत्तरं शोधतात. भिंतीवर पंचांग टांगलेलं होतं, नुसत्या शोभेसाठी, आणि पंचांगात आकड्यांना काय तोटा! तिथी झाल्या, सूर्योदय झाले, सोळा-पंचवीसही करून झालं. बावीस मिनिटं गेली. बाहेर बसून खेळ चालवणाऱ्या मुलाला कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं, फक्त कुलपावरचे आकडे दिसत नव्हते. "घड्याळाकडे बघा," एवढी मदत त्यानं पाठवली. ती वाचून मामा म्हणाला, "घड्याळ झालंय आपलं." चाळिसाव्या मिनिटाला मुलीनं स्वतः कुलूप हातात घेतलं, तेच आकडे लावले आणि ते उघडलं. कुणी टाळी वाजवली नाही. उरलेल्या वीस मिनिटांत ते कुटुंब खेळत नव्हतं, वेळ काढत होतं.

हे टाळायला किती खर्च होता? खऱ्या रेघेवर लाल रंगाचा ठिपका. सुरुवातीच्या सूचनांत एक वाक्य: आकडे रेघेवर लावा, दाबा, मग ओढा. प्रत्येक गटानंतर खोली परत लावताना प्रत्येक कुलूप खऱ्या आकड्यानं एकदा उघडून बघणं. पंचांगाच्या जागी आकडे नसलेली तसबीर. आणि बाहेरच्या मुलाला ठाम सूचना: उत्तर बरोबर असून कुलूप अडलं, तर ताबडतोब सांग, ती मदत मोजायची नाही.

बाकीच्या गोष्टी यापुढं किरकोळ आहेत, तरी सांगते. तिघं-चौघं जा, सहा जण गेले तर दोघं भिंतीला टेकून उभे राहतात, खास करून जिथं एक कोडं सुटल्याशिवाय दुसरं मिळतच नाही तिथं. एप्रिल-मेमध्ये विचारा, एसी खोलीतच आहे ना? दारं चुंबकी कुलपांवर असतील तर वीज गेली की ती आपोआप सुटतात. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण मागं बॅटरी नसेल तर वळवाच्या पहिल्या वाऱ्यात शेवटचं दार विसाव्या मिनिटाला उघडं. वीज परत आल्यावर आतली यंत्रणा कुठवर आलो होतो ते विसरते आणि सुटलेलं कोडं पुन्हा मागते. बाहेरून हातानं पुढं ढकलायचं बटण आहे का, हे चांगल्या मालकाला विचारलं तर त्याला राग येत नाही.

आणि मुख्य दार. ते खरोखर बंद करत असतील तर खेळू नका. 4 जानेवारी 2019 रोजी पोलंडमधल्या कोशालिनमध्ये अशाच जागी आग लागली, पंधरा वर्षांच्या पाच मुली बाहेर पडू शकल्या नाहीत. दार आतून उघडतं का हे विचारायला लाज कसली?

राहिला मदतीचा प्रश्न. पूर्वी मी ठासून सांगायचे की मागितल्याशिवाय मदत देऊच नये, स्वतः सोडवण्यातच मजा. त्या मुलीनंतर हे तसंच्या तसं म्हणवत नाही. पण न मागता मदत देणारेही पाहिलेत. चौथ्या सेकंदाला पडद्यावर अक्षरं, आणि चौघांचे चेहरे पडलेले. किती वेळ थांबायचं? पाच मिनिटं नवं काहीच सापडलं नाही तर, असं मी हल्ली सांगते. पण एखाद्या गटाची ती पाच मिनिटं म्हणजे नुसतं भांडण असतं, तर दुसऱ्याची शांतपणे विचार करण्याची. कॅमेऱ्यातून दोन्ही सारखीच दिसतात.