जिन्यातला एक दिवा आणि दोन आरसीसीबी

घराच्या वायरिंगमध्ये दिव्यांना रिंग घालायची की रेडियल, म्हणजे शेवटच्या दिव्यापाशीच संपणारी वायर, हे आमच्याकडे दहा मिनिटांत ठरलं. पंधरा दिवस गेले ते भलत्याच गोष्टीत, आणि तेही चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलेली असताना.

इंग्लंडातल्या स्विंडनचा मावसभाऊ म्हणाला, "रिंगच घाल." तिकडे रिंग असते ती सॉकेटना. 2.5 चौरस मिलिमीटरची वायर बोर्डातून निघते, फिरून बोर्डातच येते, वर 32 अँपचा ब्रेकर. तिकडच्या प्रत्येक प्लगात फ्यूज असतो म्हणून ते खपतं. आपल्या प्लगात फ्यूज नाही. दिव्यांना तर तिकडेही रेडियलच. 9 वॉटचे दहा एलईडी मिळून अर्ध्या अँपच्या आतबाहेर, 1.5ची वायर 20 मीटर नेली तरी अर्धा व्होल्टसुद्धा पडत नाही. परतीच्या वायरीसाठी चिऱ्याच्या भिंतीत आणखी खाच कशाला मारायची? शिवाय रिंग मध्ये तुटली तरी सगळे दिवे लागतच राहतात, कोणाला पत्ता लागत नाही.

तर खाली एक सर्किट, वर एक, दोन्हींना 6 अँपचे एमसीबी (जास्त करंट झाला की तोडणारे ब्रेकर) आणि वेगवेगळे 30 मिलिअँपचे आरसीसीबी, म्हणजे फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट जुळला नाही की गळती समजून वीज तोडणारे. जिन्यातला दिवा लावला की ट्रिप. कधी खालचा उडायचा, कधी वरचा. वायरमनने दोनदा आरसीसीबी बदलला, पैसे घेतले, आणि म्हणाला, "पावसाची ओल आहे."

ओल नव्हती. टू-वे स्विचला (जिन्याच्या खालून-वरून एकच दिवा लावायचा तो) फेज खालच्या सर्किटचा होता आणि दिव्याला न्यूट्रल वरचा, कारण तो हाताशी होता. 9 वॉटचा दिवा साधारण 40 मिलिअँप घेतो. खालच्या आरसीसीबीतून तेवढा करंट जातो तो परत येत नाही, वरच्यातून न गेलेला परत येतो. दोघांनाही ती गळतीच वाटते. जो आधी उडेल तो. नाईट लॅम्प लावला तर काहीच होत नाही, म्हणून संशय येत नाही. आणि हे नुसतं वैतागाचं नाही: वरचा आरसीसीबी बंद करून कोणी न्यूट्रल उघडला, तर दिव्यातून आलेला फेज हातात बसतो.

शोधायला मल्टिमीटर पुरतो. मेन आणि दोन्ही आरसीसीबी बंद, टेस्टरने खात्री, दिवा काढा. मीटर बीपवर ठेवून होल्डरचा न्यूट्रल बोर्डातल्या कुठल्या न्यूट्रल पट्टीशी बीप देतो ते बघा. उपाय म्हणजे जिन्याच्या पाईपमधून काळ्या (न्यूट्रलच्या) वायरीचे सहा मीटर. एवढंच! खालच्या पट्टीवरून न्यूट्रल थेट दिव्यापर्यंत नेला. टू-वेच्या दोन वायरी आहेत तशाच राहिल्या.

आधी सांगायचं राहिलं: पाईप भरण्यापूर्वीच प्रत्येक सर्किटच्या न्यूट्रलला चिकटपट्टी लावून नंबर घाला. "न्यूट्रल कुठूनही घेतला तरी चालतो" असं म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

खरी ओल फाटकाच्या दिव्यात शिरते. तिथे न्यूट्रल अर्थला लागला तर एमसीबी पाडूनही आरसीसीबी उडत राहू शकतो, कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. त्या दिव्याचा न्यूट्रल पट्टीवरून सोडवून बघा. माटोळीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या सजावटीच्या) दिव्यांच्या माळा लावायच्या आधी मी तेच केलं.