रिटेनरचे तास क्लायंटला दाखवताना

महिन्याला 20 तासांचा रिटेनर, म्हणजे दरमहा ठराविक तास काम करायचा करार, असेल तर हिशोब महिनाअखेरपर्यंत दाबून ठेवू नका. 14 तास भरले की एक ओळ कळवा: ‘6 तास उरलेत, आधी बॅनर करू की न्यूजलेटर?’ भांडण तासांवरून कमी, उशिरा कळल्यावरून जास्त होतं.

दाखवायला गूगल शीट पुरतं. रकाने पाच: तारीख, काम, वेळ, बिलात धरायचं का, शिल्लक. लिंक ‘व्ह्यूअर’ म्हणूनच द्या आणि प्रत्येक क्लायंटची फाइल वेगळी ठेवा. एकाच फाइलमध्ये दुसऱ्याची शीट लपवून भागत नाही. फाइलची कॉपी केली की लपवलेली शीट उघडता येते.

कामाच्या रकान्यात ‘वेबसाइट दुरुस्ती’ असं मोघम नको. ‘संपर्क फॉर्मचे मेल स्पॅममध्ये जात होते, सेटिंग बदललं, तीनदा तपासलं, 0:50’ असं लिहिलं की फोन येत नाही.

हमखास घोळ होतो तो बेरजेत. साधा ‘टाइम’ फॉरमॅट असेल तर 26:30 ची बेरीज 2:30 दिसते, म्हणून ‘ड्युरेशन’ लावा. दराने गुणण्याआधी 24 ने गुणा, कारण शीटच्या लेखी अख्खा दिवस म्हणजे 1. ₹1,200 दराने दीड तासाचे ₹75 दिसले तर हा गुणाकार राहिलाय.

व्हॉट्सअ‍ॅपवरची ‘दोनच मिनिटं’ धरायची का आणि उरलेले तास पुढच्या महिन्यात जातात का, हे मात्र करारातच लिहा. माझं मत विचाराल तर जास्तीत जास्त 5 तास पुढे जावेत, तेही एकाच महिन्यापुरते.