आमची वाटचाल : कर्ण्यापासून अल्बमपर्यंत

आमच्याकडे रेकॉर्डिंगला तासाचा दर नाही. फोनवर असं सांगितलं की समोरचा जरा थबकतो आणि मग विचारतो, ‘म्हणजे पैसे घेता कसे?’ गाण्याचे घेतो. एका गाण्याची रक्कम आधी ठरते. निम्मी ॲडव्हान्स, निम्मी फायनल फाइल हातात पडल्यावर. मधे गाणारा कितीही वेळा येवो. धंद्यातल्या मित्रांना हा वेडेपणा वाटतो. त्यामागचा हिशेब सांगायचा तर एका अल्बमची हकीकत सांगावी लागेल, आणि त्याआधी थोडं आमच्या दुकानाचं.

आबांचं, म्हणजे वडिलांचं, बेळगावच्या शहापुरात लाऊडस्पीकरचं दुकान होतं. कर्णे, ॲम्प्लिफायर, मोजके माईक आणि एक टेम्पो. लग्न, पारायण, गणपती, निवडणूक, जे येईल ते. कॅसेटच्या दिवसांत त्यांनी दुकानामागच्या खोलीत डेक मांडला आणि भजनी मंडळांचे अभंग भरून द्यायला सुरुवात केली. मंडळ एकदा गायला बसलं की कॅसेटची बाजू संपेपर्यंत थांबायचं नाही, कारण आबांकडे कापाकापीची सोयच नव्हती. पुढे मी कॉम्प्युटर आणला, माईक त्याला जोडणारा इंटरफेस आणला, भिंतीला घुमारा शोषणारं रॉकवूल लावलं आणि बाहेर ‘स्टुडिओ’ अशी पाटी आली. वर कन्नड, खाली मराठी. आबांनी पाटी बघितली आणि भाडं किती म्हणून विचारलं.

भाडं गाण्यांतून निघत नव्हतंच, ते निघायचं देखाव्यांतून. बेळगावची शिवजयंती वैशाखातली, आणि तिची खरी शान चित्ररथ मिरवणुकीची. ट्रॉलीवर जिवंत देखावा उभा असतो, पोरं तलवारी घेऊन अभिनय करतात आणि संवाद मात्र आधी रेकॉर्ड केलेले असतात. ते संवाद, तोफा, घोड्यांच्या टापा, मागचं संगीत हे सगळं आमच्यासारख्यांकडे तयार होतं. एकाच सीझनमध्ये एकाच माणसाकडून दोन-तीन मंडळांचे खान वदवून घेतलेत मी, फक्त खाकरण्याची तऱ्हा बदलून. त्याशिवाय शाळांची गॅदरिंगं, कुंद्याच्या दुकानांच्या जाहिराती, आणि निवडणुकीत एकाच चालीवर एक गाणं मराठीत, एक कन्नडमध्ये. या कामाला नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मी मुरडत नाही. घाईत, गोंगाटात, बारा माणसांच्या सूचना ऐकत काम कसं उरकायचं ते मला देखाव्यांनी शिकवलं.

गोंगाटाचं मात्र नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या बाजूला यंत्रमाग आहेत. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचाच भाग. मागाचा खटखटाट हवेतून येतो तो दार-खिडकी घट्ट केली की बराच अडतो. जमिनीतून येतो तो अडत नाही. तो जोत्यातून चढतो, माईकच्या स्टँडमधून वर येतो आणि हेडफोनमध्ये कुणीतरी लांबवर मुसळ घालतंय असं ऐकू येतं. कुणीतरी सांगतं, अंड्यांचे ट्रे लावा. अंड्यांच्या ट्रेनं खोलीतला वरच्या पट्टीतला थोडा घुमारा जातो, बाहेरचा आवाज काही अडत नाही. अडवायला वजन लागतं, दोन भिंतींत पोकळी लागते, जमीन रबरावर उचलून घ्यावी लागते. तेवढा पैसा नसेल तर मिक्सिंगमध्ये ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खर्जातलं, सगळं कापायचं. पुरुषाचा आवाज त्यातून वाचतो, पण पखवाजाचा धूम जातो. आणि पखवाजातून धूम गेला तर उरतं काय?

तर अल्बम. येळ्ळूरचा एक मुलगा, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर कामाला. गाणी स्वतः लिहितो, चाल स्वतः लावतो, गिटारवर गातो. आठ गाणी होती. दुसऱ्या पाळीची बस, उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेली मोटरसायकल, आईची भिशी, भाषा सगळी घरातली, मधे मधे सहज कन्नड. सीमाप्रश्नावर एकही गाणं नाही, आणि बाहेरचे लोक त्याला नेमकं तेच आधी विचारतात. तो आधी पुण्याला जाऊन दोन गाणी करून आला होता. तिथं कुणी वाईट वागलं नाही, स्टुडिओही झकास. ‘पण अण्णा, मीटर चालू असतंय की,’ म्हणाला. ‘अंतरा आला की माझं लक्ष पैशावर.’

आमच्याकडेही तेव्हा मीटरच होतं, पुण्यापेक्षा स्वस्त इतकंच. त्याच्या साप्ताहिक सुट्टीला तो यायचा. तो गायला उभा राहिला की माग चालू. माग थांबले की पखवाजाची कणीक वाळलेली. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात, त्यावर तो खर्ज उभा असतो. पंख्याखाली ती तासाभरात वाळते, सूर वर सरकतो आणि आधीच्या टेकला नवा टेक जुळत नाही. मग कणीक खरवडायची, नवी लावायची, थापून बघायची. आमच्या सौ. हिशेब बघतात आणि या कामासाठी कणीकही त्याच भिजवतात. पोळीच्या कणकेपेक्षा सैल लागते. पहिल्या गाण्याचं बिल करताना त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. निम्म्याहून जास्त तास वाट बघण्याचे होते. ‘शेजारच्यांच्या मागाचे पैसे या पोराकडून घ्यायचे का?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच दिवशी गाण्याचा दर ठरला. यात दयेचा प्रश्न नव्हता. जो वेळ आमच्या खोलीमुळे जातो तो आमच्या खात्यावर पडला पाहिजे, म्हणजे खोली सुधारायची बुद्धी आपोआप होते.

दर बदलल्यावर त्याच्या गाण्यात पडलेला फरक कानाला कळत होता. आधी ओळ संपताना तो शेवटचा स्वर लवकर सोडायचा. आता धरायला लागला. एका गाण्याचं दुसरं कडवं त्यानं आमच्याच बाकावर बसून नव्यानं लिहिलं. तासाच्या दरात हे झालं नसतं, कुणाला परवडलं असतं?

मागांवरचा तोडगा मात्र आपोआप सापडला. एका दुपारी लाइट गेली. माग थांबले, पंखा थांबला, रस्त्यावरची गिरणी थांबली. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू होता, आणि आमचा छोटा इंटरफेस लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालतो. कंडेन्सर माईकला लागणारे ४८ व्होल्टही तोच देतो. हेडफोन लावला तर आत इतकी शांतता की त्याच्या सदऱ्याची बाही ऐकू येत होती. मेनलाइनचा ५० हर्ट्झचा जो बारीक ‘हं’ अर्थिंग चांगलं असूनही कुठंतरी मुरलेला असतो, तोही गेला. ‘म्हण,’ म्हटलं. घामाघूम होऊन त्यानं पूर्ण गाणं सलग म्हटलं, आणि अल्बममध्ये तेच आहे. तेव्हापासून आम्ही पेपरात दुरुस्तीसाठी वीज बंदची बातमी शोधायला लागलो. ‘या भागात सकाळी दहा ते पाच वीज नाही’ असं आलं की बाकीचा शहापूर वैतागतो आणि आम्ही पखवाजवाल्याला फोन लावतो. बॅटऱ्या आदल्या रात्री चार्ज. इन्व्हर्टर त्या दिवशी बंदच, कारण साध्या इन्व्हर्टरची वीज शुद्ध साइन वेव्हची नसते आणि तिची करकर माईकच्या लाइनीत उतरते.

सगळ्यात मजा आणि सगळ्यात कटकट झाली ती चौंडक्याच्या गाण्याला. सौंदत्तीच्या यल्लम्मेची गाणी म्हणणारे एक जोगती, वयस्क, कन्नड बोलणारे. चौंडकं काखेत दाबून एका हातानं तार ताणायची, दुसऱ्यानं छेडायची. ताण वाढला की स्वर वर जातो. म्हणजे ते एकाच वेळी तालवाद्य आणि बोलणारं वाद्य. त्यांना हेडफोन दिला, त्यांनी तो काढून मांडीवर ठेवला. त्यांना गाणाऱ्याचं तोंड दिसायला हवं होतं. क्लिक, म्हणजे हेडफोनमधली एका लयीतली टकटक, ऐकून वाजवणं हा प्रकारच त्यांना पटेना, आणि खरं सांगायचं तर ते गाणंही क्लिकचं नव्हतं. भजनासारखी त्याची लय हळूहळू चढते. ती एका आकड्यावर बांधली तर गाणं जागच्या जागी लेफ्ट-राइट करतं. मग सगळ्यांना एकाच खोलीत समोरासमोर बसवलं. पेटी, पखवाज, गिटार, चौंडकं, गाणारा.

यात एक व्यवहार कळून घ्यावा लागतो. एका खोलीत वाजवलं की प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये सांडतो. मग नंतर एकट्या गळ्याचा सूर मशीननं सरळ करता येत नाही, कारण वाकडा सूर चौंडक्याच्या माईकमध्येही बसलेला असतो. चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा. हे आधी सांगितलं तर माणसं सावध वाजवतात. आबांच्या कॅसेटवाल्या मंडळांना तेच करावं लागायचं. सूर पेटीवरून धरला. पेटी काळी एकची, रीड जुने, सूर जरा चढा. पेटी काही स्टुडिओत बसून उतरवता येत नाही, म्हणून गिटारला पहिल्या घरात कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चाप, लावून तीच पेटीला मिळवली. ट्यूनरवरचा ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराचा काटा त्या दिवशी कुणी बघितला नाही. गाण्याच्या शेवटी जोगतीबुवा काहीतरी पुटपुटलेत, देवीचं नाव असावं. ते ठेवलंय. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना माईकवर हवा आदळते म्हणून पुढे जाळी असते. आमची जाळी म्हणजे भरतकामाच्या रिंगेवर ताणलेला जुना पायमोजा. बुवांनी त्याच्याकडे बघून विचारलेला प्रश्न मात्र गाळलाय.

मिक्सिंगवर फार लिहीत नाही, ते काम बघण्यासारखं नसतं. भांडण झालं ते शेवटी, आवाजाच्या जोरावरून. त्याच्या मित्रांनी गाडीत लावून बघितलं आणि निरोप आला, ‘अण्णा, आवाज दबलाय की.’ त्यांच्या कानाला मिरवणुकीतल्या डीजेची सवय. पण स्पॉटिफायसारखी ॲप सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या जोराचं माप) पातळीला आणून ऐकवतात. तुम्ही आवाजातले चढउतार दाबून गाणं कितीही मोठं केलं तरी ते वाजताना खाली ओढतात, आणि दाबताना मेलेला पखवाजाचा ठोका काही परत येत नाही. मी त्यांना आमची आणि दाबून मोठी केलेली, अशा दोन्ही प्रती एकाच पातळीवर लावून ऐकवल्या. दोघं पटले, एक नाही. तो गाडीवाला होता.

कागदपत्रांवर मात्र मी हटून बसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा निर्माता म्हणजे ते करून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, बटणं दाबणारा नव्हे. म्हणजे पैसे घालून करून घेतलं असेल तर मालक तो पोरगा, मी नाही. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा लिहून दिला तरी सोडता येत नाही, काही ठरावीक अपवाद वगळता. हे आम्ही एका पानावर साध्या मराठीत लिहून देतो, वादकांच्या सह्या आणि मानधनाची नोंद त्यातच. जोगतीबुवांना कन्नडमध्ये वाचून दाखवलं. प्रत्येक गाण्याच्या रेकॉर्डिंगला ओळखीचा बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी कोड येतो, तो त्याच पानावर लिहून ठेवतो, कारण वर्षभरानं तो कुणालाच सापडत नाही.

मिळकतीचं विचाराल तर ऐकण्याच्या ॲपवरून पोट भरत नाही. स्पॉटिफायनं २०२४ पासून वर्षात हजार वेळा न वाजलेल्या ट्रॅकला रॉयल्टी देणं बंद केलंय. त्याच्या आठांपैकी काही त्या रेषेच्या वर आहेत, काही खाली. पैसा आला तो कार्यक्रमांतून. अल्बम दाखवायला असला की कोल्हापूर-गोव्याकडचे आयोजक फोन उचलतात. शिवाय त्यानं पेनड्राइव्ह काढले, येळ्ळूरच्या जत्रेत पोस्टर लावून विकले. ट्रॅक्टरवाल्यांनी घेतले. त्यांच्या टेपला यूएसबी असतो.

आमच्या बाजूनं बघाल तर त्या अल्बमनं नफा बेताचाच दिला, पण माणसं आणली. खानापूरकडची एक बाई ओव्या घेऊन आली, चिक्कोडीचं एक कॉलेजचं टोळकं आलं. अधूनमधून कुणीतरी कुमार गंधर्वांचं नाव काढतंच. ते इथल्याच सुळेभावीचे, १९२४ चा जन्म, म्हणजे या मातीतच गाणं आहे वगैरे. असेल. मातीतून आम्हाला तूर्त मागाचा ठोका येतो.

म्हणून यंदा नवा माईक घेणार नाही. सगळे विचारतात, कुठला घेतला. यंदा आतल्या खोलीची जमीन उचलून रबरावर घेणार आहोत आणि बोळात दुसरं जड दार बसवणार आहोत, सागवानी चौकटीचं, रबराच्या पट्ट्यांसह. सुतार वैशाखानंतर मोकळा होतो, कारण त्याच्याकडेही चित्ररथांचंच काम असतं. तोवर अल्बमवाल्यांनी पेपरातल्या वीज बंदच्या बातमीवर लक्ष ठेवावं आणि आदल्या दिवशी फोन करावा.