डगमगणाऱ्या फरश्या आणि धूसर भिंती

गेल्या महिन्यात एका मित्राच्या घरी, पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीवर, पहिले प्लेस्टेशन आणि निन्टेन्डो ६४ ही व्हिडिओ गेमची दोन्ही यंत्रे एकापाठोपाठ जोडून पाहता आली. प्लेस्टेशनवर ‘टूम रेडर’मधल्या दगडी फरशीजवळ कॅमेरा नेला की चौकोनी फरशीच्या सरळ रेघा बरोबर कर्णावर मोडतात आणि पुढे सरकताना सगळी जमीन किंचित थरथरते. निन्टेन्डोवर ‘सुपर मारिओ ६४’मधली जमीन मात्र जागच्या जागी स्थिर राहते, पण भिंतीजवळ गेल्यावर तिच्यावरचे चित्र पाण्यात भिजलेल्या रंगासारखे पसरते. एकीकडे थरथर आणि दुसरीकडे धूसरपणा, असे हे दोन दोष आहेत. माझ्या मते ते निष्काळजीपणातून आलेले नसून, कुठे काटकसर करायची याच्या दोन वेगळ्या हिशेबांतून आलेले आहेत.

डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आलेल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर सुमारे ३४ मेगाहर्ट्झचा होता. अशा खेळांतले दृश्य छोट्या छोट्या त्रिकोणांनी बनलेले असते. त्रिकोणावर चित्र चढवताना जवळचा भाग मोठा आणि दूरचा लहान दिसावा, तर प्रत्येक पिक्सेलमागे एक भागाकार करावा लागतो, आणि त्या काळात भागाकार महाग होता. सोनीने तो गाळला. त्रिकोणाचे कोपरेही पूर्ण पिक्सेलवरच बसवले, त्यामुळे कॅमेरा हळू फिरला की ते एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर उडी मारतात. कोणता त्रिकोण पुढे आणि कोणता मागे, याची पिक्सेलवार नोंद ठेवणारा झेड-बफरही दिला नाही. ती क्रमवारी प्रोग्रॅमरने लावायची. या सगळ्या बचतीतून जे मिळाले ते म्हणजे भरपूर त्रिकोण झपाट्याने रंगवण्याची ताकद.

दीड वर्षाने, जून १९९६ मध्ये, आलेल्या निन्टेन्डो ६४ ने हे तिन्ही प्रश्न सोडवले. त्याचा मुख्य प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झचा होता. शिवाय झेड-बफर, अचूक परिप्रेक्ष्य (जवळचे मोठे, दूरचे लहान) आणि चित्राच्या कडा मऊ करणारे फिल्टरिंग या सोयी होत्या. कागदावर तुलनाच नव्हती. मात्र रंगवताना लागणारे चित्र ज्या छोट्या मेमरीत आणून ठेवावे लागे, ती अवघी ४ किलोबाइटची होती. ३२ बिटांच्या रंगातले ३२ बाय ३२ पिक्सेलचे एकच चित्र तिला काठोकाठ भरते. एवढेसे चित्र अख्ख्या भिंतीवर ताणायचे आणि वर फिल्टरिंगचा हात फिरवायचा, मग ते धूसर होणारच. त्यात मुख्य मेमरी सगळ्यांची सामाईक होती: प्रोसेसर, चित्र, झेड-बफर आणि आवाज हे सगळे त्याच ४ मेगाबाइटच्या दारात रांग लावून उभे. ही मेमरी एकदा वाहू लागली की वेगवान, पण पहिला बाइट हाती येईपर्यंत तिष्ठत ठेवणारी होती. इतक्या देखण्या चिपला इतका चिंचोळा रस्ता देणे मला आजही चुटपुट लावते.

सीडी की कार्ट्रिज (लहानपणी आपण तिला ‘कॅसेट’ म्हणायचो), हा वाद त्या मानाने परिचित आहे. प्लेस्टेशनचा दुप्पट वेगाचा ड्राइव्ह सेकंदाला ३०० किलोबाइट वाचत असे, म्हणजे २ मेगाबाइटची मुख्य मेमरी पूर्ण भरायची तर सुमारे सात सेकंद पडद्याकडे पाहत बसणे आले. कार्ट्रिजला ही वाट पाहणे ठाऊकच नव्हते. पण सीडी छापणे स्वस्त होते आणि तिच्यात साडेसहाशे मेगाबाइटच्या आसपास जागा मिळे, तर निन्टेन्डोची सर्वांत मोठी कार्ट्रिज ६४ मेगाबाइटची होती. ‘फायनल फँटसी ७’ १९९७ मध्ये तीन सीडींवर आला, तो प्लेस्टेशनवर.

मित्राच्या कपाटात निन्टेन्डोसाठीचा ‘रेसिडेंट ईव्हिल २’ही निघाला. प्लेस्टेशनवर हा खेळ दोन सीडींवर होता. १९९९ मध्ये तो त्याच्या व्हिडिओंसकट एका ६४ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये कोंबण्यात आला. व्हिडिओ दाबून दाबून इतके बारीक केले आहेत की चेहरे डागाळलेले दिसतात, तरीही तळहाताएवढ्या त्या प्लास्टिकच्या तुकड्यातून ते चालू झाल्यावर आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही.