सहावा कॅन उघडायचा नाही

जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही चौघं साउथ ऑस्ट्रेलियातला ऊडनाडाटा ट्रॅक करून आलो. मारी ते मार्ला, साधारण ६२० किमी, सगळा कच्चा रस्ता. थोरली सहा वर्षांची, धाकटा तीनचा. मैत्रिणी विचारतायत की एवढ्या लहान मुलांना घेऊन कसं काय जमलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिल्यांदा पाणी. दिवसाला माणशी ५ लिटर धरून पाच दिवसांचे पाच कॅन, २०-२० लिटरचे, आणि वर एक सहावा, तो उघडायचाच नाही. गाडी बंद पडली, रस्ता बंद झाला तरच. हे मी मुलीला नीट समजावून सांगितलं आणि तिने त्या कॅनला लाल चिकटपट्टी लावली आणि मग रोज सकाळी उठल्या उठल्या जाऊन बघायची, आहे ना जागेवर. दुसरा नियम म्हणजे काहीही झालं तरी गाडी सोडून चालत जायचं नाही, कारण विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. तोही दोघांनी पाठ केला होता. सॅटेलाइट फोन भाड्याने घेतला आणि कुठल्या रात्री कुठे असू ते घरी लिहून ठेवून निघालो. जुलै निवडला कारण तेव्हा इथे हिवाळा असतो, उन्हाळ्यात मुलांना घेऊन इकडे मी पाऊल टाकणार नाही. ऊडनाडाटाला १९६० च्या जानेवारीत ५०.७ डिग्री नोंदवलंय.

रस्ता म्हणजे पन्हळी पत्रा. टायरमधली हवा कमी केली तरी गाडी अशी खडखडते की बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं, आणि लाल धूळ इतकी बारीक की बंद डब्यातल्या पोह्यांतही सापडली. पहिल्या दिवशी आम्ही मोठ्यांच्या हिशोबाने चार तास सलग गाडी मारली आणि धाकटा शेवटचा तासभर नुसता रडत होता. त्या रात्री ठरवलं, दिवसाला दोन तासांच्या वर नाही, तेही तासाला एकदा थांबून. एवढी एक गोष्ट केलीत तरी ट्रिप सुखाची होईल, खरंच सांगते. लांब अंतर मुलांना त्रास देत नाही, सीटला बांधून ठेवलेलं त्रास देतं.

आणि थांबायला जागा किती! काटी थांडा, म्हणजे लेक एअर, समुद्रसपाटीपेक्षा १५ मीटर खाली, आम्ही रस्त्याकडून त्याचं दक्षिणेकडचं टोक पाहिलं, नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं मीठ. एवढं मोठं तळं आणि पाणी नाही हे धाकट्याला पटेचना.

मग पुढे ते झरे. सपाट कोरड्या जमिनीवर मातीचा उंचवटा, वर चढून बघितलं तर मधोमध स्वच्छ पाण्याचं कुंड, आणि तळातून वाळू उकळी फुटल्यासारखी वर येतेय. इथे त्याला बबलर म्हणतात. थोरली हळूच म्हणाली, "आई, हे खालून कोण सोडतंय?" खाली ग्रेट आर्टेशियन बेसिन आहे, म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा प्रचंड साठा, ऑस्ट्रेलियाच्या एक पंचमांशाहून जास्त भागाखाली पसरलेला. लांब पूर्वेकडच्या डोंगरांत पडलेला पाऊस दगडांतून झिरपत झिरपत येतो, त्यातलं काही पाणी १० लाख वर्षांहून जुनं आहे. ही अरबाना लोकांची भूमी, त्यांना हे झरे पिढ्यानपिढ्या माहीत. नंतर १८७२ ची टेलिग्राफच्या तारेची लाइन आणि मग घान नावाची जुनी रेल्वे याच झऱ्यांच्या रांगेने गेली, कारण वाफेच्या इंजिनालाही पाणी लागतंच. त्या कुंडात उतरायचं नाही. पण जवळच कावर्ड स्प्रिंग्जला रेल्वेसाठी मारलेल्या जुन्या बोअरचं कोमट पाणी लाकडी हौदात येतं, त्यात दोघं तासभर डुंबली, कडेला खजुराची झाडं, आणि मी तिथे बसून रडले थोडी. तीन दिवस मगाने पाणी मोजल्यावर वाहतं पाणी बघून आपोआप होतं तसं.

रात्री कडाक्याची थंडी, स्वॅगमध्ये, म्हणजे कॅनव्हासच्या गुंडाळी बिछान्यात, चौघं चिकटून. इथल्या बऱ्याच आदिवासी लोकांना आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यात एमू दिसतो, सदर्न क्रॉस या तारकासमूहाच्या शेजारी डोकं, मग लांब मान. एकदा दिसला की मग दुसरं काही दिसतच नाही. धाकटा रोज एमूला गुड नाइट म्हणून झोपायचा.

विल्यम क्रीक हे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माणसांचं गाव, आणि भोवतालचं ॲना क्रीक स्टेशन (स्टेशन म्हणजे इथे गुरं पाळायचं मोठं रान), गुरांचं जगातलं सगळ्यात मोठं, पुणे जिल्ह्याच्या साधारण दीडपट. तिथे पाऊस आला. फार नाही, पण इथली माती ओली झाली की चाकाला डिंकासारखी धरते, आणि रस्ता बंद केला की बंद, कुणी गाडी घातली तर दंड, कारण एक गाडी गेली तरी खोल चर पडतात आणि नंतर येणाऱ्यांचे हाल होतात. दोन रात्री अडकलो. मला मनातून भीती वाटत होती, फ्लाइंग डॉक्टर आहेत, विमान येतं, हे माहीत असूनही धाकट्याला ताप आला तर काय हा विचार जाईना. मुलं मात्र दिवसभर लाल चिखलात. मी कपड्यांचा नाद सोडला, खिचडी केली, दोन दिवस तेच.

तिसऱ्या दिवशी रस्ता उघडला. अल्जेबकिनाचा जुना लोखंडी रेल्वे पूल, नील्स नदीचं डबकं, ऊडनाडाटाचं गुलाबी रोडहाउस, सगळं सावकाश बघत मार्लाला डांबरी रस्त्याला लागलो. नवरा टायरमध्ये हवा भरत होता तेव्हा मी थोरलीला म्हटलं, आता उघडायचा का सहावा कॅन?

"घर कुठे आलंय अजून," म्हणाली, आणि चिकटपट्टी परत दाबून बसवली.